सोबत मिळेल

पाटी ठोकून झाली, मी स्टुलावरून उतरलो, चार पावलं मागं जाऊन ती वाचली आणि आणखी चार पावलं मागं गेलो. 'सोबत मिळेल. दवाखाना, कचेरी, कोर्ट, स्मशान. कुठेही.' यातलं 'स्मशान' पेंटरने स्वतःच्या मनाने घातलं होतं. मी 'बँक' सांगितलं होतं. पण बँकेत जायला कोण घाबरतं, असं त्याचं म्हणणं पडलं आणि पेंटरशी वाद घालायची मला भीती वाटते, म्हणून ते तसंच राहिलं.

मला तशी बहुतेक सगळ्याचीच भीती वाटते. हे मी लाजत सांगत नाही, धंद्याला लागणारी पात्रता म्हणून सांगतो आहे. कुत्री, सुया, लिफ्ट, शिक्का मारणारी माणसं, घाटातली एस.टी. आणि 'जरा बोलायचंय' असं म्हणून समोर बसणारी बायको, या सगळ्यांना मी समान भावनेने घाबरतो. निवृत्त झाल्यावर आमचा अद्वय पुण्याहून आला आणि म्हणाला, "बाबा, आता मनापासून जे येतं तेच करा. आपल्या मनातलंच काढायचं आणि त्याचा व्यवसाय करायचा." मी प्रामाणिकपणे मनात शोधलं. भीतीखेरीज काही सापडलं नाही.

मग एका दुपारी मला सुचलं. घाबरलेल्या माणसाला काय लागतं, हे भोरमध्ये माझ्याइतकं कुणाला कळणार? धीर देणारा माणूस लागत नाही. धीर देणारे मला जन्मभर भेटले. ते 'काही होत नाही हो' म्हणतात आणि आपल्याला आत ढकलून चहा प्यायला निघून जातात. घाबरलेल्याला बाकावर शेजारी बसून राहणारा कुणीतरी हवा असतो. बस्स. बसून राहणं मला जमण्यासारखं होतं. ठरलं.

धंदा मनापासून करायचा तर त्याला तत्त्वं हवीत. मी तीन काढली. ग्राहकाशी खोटं बोलायचं नाही. ग्राहकाला अर्ध्यावर सोडायचं नाही. आणि मोबदला ज्याने त्याने आपल्या मनाला येईल तो द्यायचा. हे मी सौदामिनीला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, वाचून दाखवलं. ती शाळेत गणित शिकवते आणि जगात कुणालाही घाबरत नाही.

"तिसऱ्याचं मी बघते," ती म्हणाली. "पण तुम्ही दुसऱ्याला दवाखान्यात नेणार? आधी स्वतःच्या दाढेला न्या."

हा घाव वर्मी होता. दिवाळीपासून माझी खालची दाढ ठणकत होती. दातांचा दवाखाना आमच्याच आळीच्या तोंडाशी आहे. त्याच्या पाटीवर एक मोठा हसरा दात काढलेला आहे. तो दिसू नये म्हणून मी भाजी आणायला मागच्या बोळातून वळसा घालून जात असे. मी विषय बदलला.

शेजारच्या कुंडलिकरावांना मात्र विषय बदलून चालत नाही. ते एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले आहेत आणि अजूनही दोन घरांच्या मधल्या भिंतीवर टकटक करूनच बोलायला सुरुवात करतात. त्यांनी पाटी वाचली, मला वाचलं आणि मान हलवली.

"केशवराव, सोबत म्हंजे कशी भारदस्त पायजे. तुमाला बगून तर मानसाला वाटंल, ह्यालाच घरापत्तूर सोडून यावं."

"बाहेरून नाही, आतून सोबत द्यायची आहे," मी म्हणालो.

"मंग आतून एखादा पैलवान ठेवा."

हे कमी होतं म्हणून धंद्याची नोंदणी करायला गेलो. ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात एक मुलगी बसली होती. तिच्या संगणकात धंद्यांचे सगळे प्रकार होते, सोबत नव्हती. "सिक्युरिटी टाकू का?" तिने विचारलं. मी म्हणालो, मी कुणाचंही रक्षण करू शकणार नाही. "मग टुरिझम?" मी तिला पाटीवरच्या स्मशानाची कल्पना दिली. ती खुर्ची थोडी मागं सरकवून म्हणाली, "इव्हेंट मॅनेजमेंट?" शेवटी 'इतर' या रकान्यात माझी सोय लागली. आयुष्यभर मी स्वतःला त्याच रकान्यात समजत आलो होतो, पण ते असं सरकारी झाल्यावर जरा लागलं.

पहिला ग्राहक आला तो गेनू. शिवऱ्याला हमरस्त्यावर त्याचं हॉटेल आहे. मिशा अशा, की माझाच आवाज बसला. त्याला कुत्रं चावलं होतं आणि सरकारी दवाखान्यात सुई घ्यायची होती. एवढा मोठा माणूस, पण बाकावर बसल्यावर त्याचे गुडघे एकमेकांवर आपटत होते. त्याने मला हळूच विचारलं, "सायेब, लई दुखतं का वो?"

बाकीच्या सगळ्या जगाने 'छे, मुंगी चावल्यासारखं' असं सांगितलं असतं. मला तत्त्व होतं. "हो," मी म्हणालो, "दुखतं."

गेनू पांढरा पडला. त्याला बघून मी पांढरा पडलो. तेवढ्यात सिस्टर सुई घेऊन वळल्या, त्या सुईच्या टोकाला एक थेंब लटकत होता, आणि त्यापुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा मी बाकावर आडवा होतो आणि गेनू आपल्या टोपीने मला वारा घालत होता. त्या गडबडीत सिस्टरांनी त्याला सुई कधी टोचली, हे त्याला कळलंही नव्हतं. तो इतका खूश झाला, की मनाला येईल तो मोबदला म्हणून संध्याकाळी एक जिवंत कोंबडी घेऊन हजर झाला. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. कोंबडी तीन दिवस न्हाणीघरात राहिली आणि ते तीन दिवस मी कुंडलिकरावांकडे अंघोळीला जात होतो.

पण गेनूच्या हॉटेलात पुण्या-साताऱ्याचा माणूस उतरतो. त्याने येईल त्या गिऱ्हाइकाला ही हकिकत सांगितली. आठवड्याभरात माझं नाव कामथडीपासून सारोळ्यापर्यंत पोचलं. नाव म्हणजे केशव हे नव्हे. 'भोरचा चक्कर येनारा मानूस' हे. फोन करणारे विचारत, "चक्कर नक्की येनार न्हवं? न्हाईतर काय उपेग?" एकाने तर बरोबर पाव्हणे आणू का, असं विचारलं. इतकी तत्त्वं काढून शेवटी माझी किंमत मी कितपत पटकन कोसळतो यावर ठरावी, याचं मला मनापासून वाईट वाटलं. मी दोन दिवस फोन बंद ठेवला. तिसऱ्या दिवशी सौदामिनीने तो चालू केला आणि त्याच क्षणी वाजला.

पलीकडे रत्ना होती. गेनूच्या हॉटेलात भाकऱ्या करणारी मुलगी. तिची आजी ठकुबाई वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीत एकटी राहते. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून घट्ट झाला होता. सारोळ्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तारीख मिळाली होती, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता ही चुकली तर तो डोळा वाचणार नाही. डावा आधीच अंधुक होता.

"दोनदा तारीख दिली सायेब," रत्ना म्हणाली. "एकदा दान्याच्या कनगीमागं लपून बसली. एकदा रानात गेली ती दिवस मावळल्यावर आली. म्या गेले का मला रडून दावती, मंग मलाच रडू येतं आन ती ऱ्हाती घरी. तुमी परकं हाय. परक्याम्होरं लाजंल ती." मग ती थांबली आणि तिचा आवाज बारीक झाला. "तिचा डोळा गेला तर तिला त्या वाडीत कोन बघंल वो?"

मी 'येतो' म्हणालो.  आतापर्यंत मला स्वतःच्या जिवाची भीती वाटत होती. आता एका बाईच्या डोळ्याची वाटायला लागली, आणि ती पहिलीपेक्षा बरीच जड असते.

कुंडलिकरावांनी भिंतीवर टकटक करून मला प्रवासाची शिकवणी दिली. ड्रायव्हरच्या मागं बसू नका, समोरचं सगळं दिसतं. मागं बसू नका, आपटतं. मधे बसू नका, ओकणारी माणसं तिथंच बसतात. वाडीत शिरताना हातात काठी ठेवा. पण काठी दिसली की कुत्री जास्त येतात, हेही ध्यानात ठेवा.

नसरापूरला गाडी बदलून मी वेल्ह्याच्या एस.टी.त बसलो. तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, पण ते रस्त्याला अजून कुणी कळवलेलं नसावं. प्रत्येक वळणावर मी डोळे मिटत होतो आणि प्रत्येक खड्ड्यात ते आपोआप उघडत होते. गाडी थेट वाडीच्या फाट्यापर्यंत गेली. हीच गाडी थोडं थांबून परत फिरणार आणि तिनेच आम्हाला यायचं होतं. ती चुकली तर त्या दिवसात दुसरी नव्हती.

ठकुबाई दारातच बसली होती. मांडीवर भलामोठा विळा, पुढ्यात वाळल्या काटक्या. तिने मान तिरकी करून डाव्या डोळ्याने माझा अंदाज घेतला.

"ह्योच का त्यो चक्कर येनारा?"

"हो," मी म्हणालो. तत्त्व म्हणजे तत्त्व. "आजी, चला, तयारी झाली का?"

"आजी कुनाला म्हनता? सोताचं केस बगा."

मी माफी मागितली. विळा अजून मांडीवरच होता. ती काटक्या मोडत राहिली. मी समोर उकिडवा बसलो, कारण माझं काम बसण्याचं होतं. थोड्या वेळाने तिने मान न उचलता विचारलं, "दुखंल का?"

"मला माहीत नाही. थेंब घालून डोळा बधिर करतात म्हणे. पण तुमच्या जागी मी असतो तर मला फार भीती वाटली असती."

तिचा हात थांबला. "आजवर समदी म्हनली, काय बी होत न्हाई, काय बी होत न्हाई. म्हननाऱ्याचं काय जातंय? डोळा माजा." मग तिने विळा बाजूला ठेवला, तेव्हा मला पहिल्यांदा पूर्ण श्वास घेता आला. घाबरलेली ती होतीच.  "येते म्या. पर आईला इचारल्याबिगर उंबरा वलांडायची न्हाई. कौल लावाय पायजे."

कौल म्हणजे देवीला विचारणं. वाडीच्या वर झाडाखाली देवीचं लहानसं देऊळ होतं. सोनबा गुरवाने मूर्तीवर पाणी घातलं आणि पांढऱ्या फुलाच्या दोन ओल्या पाकळ्या देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवल्या. उजवी पडली तर देवी 'हो' म्हणाली, डावी पडली तर 'नाही'. डावी पडली तर वाडीतला माणूस लग्न मोडतो, घराचा पाया बुजवतो, ठरलेला प्रवास रद्द करतो. ठकुबाईने पदर तोंडावर घेतला, डोकं टेकवलं आणि काहीतरी पुटपुटली. मग आम्ही पाकळ्यांकडे बघत बसलो.

पाकळ्या हलेनात. देवीचे चांदीचे डोळे सरळ माझ्याकडे लागले होते. मी जरा डावीकडे सरकलो. ते तिकडंही आले. आपण इथं एका बाईला डॉक्टरकडे न्यायला आलो आहोत, हे देवीला आवडलंय की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. दाढ ठणकायला लागली होती. आणि खालून फाट्यावरून एस.टी.चा हॉर्न आला.

"ड्रायव्हर पुतन्या हाय माजा, थांबवतो त्येला," म्हणत सोनबा पळाला. दारात जमलेली चार माणसं गाडी थांबते की नाही ते बघायला त्याच्या मागं गेली. गाभाऱ्यात ठकुबाई, मी आणि देवी, एवढेच उरलो.

आणि पाकळी पडली. डावी.

"पडलं न्हवं?" ठकुबाईने माझी बाही धरली. "कायतरी पडलं. कुटलं पडलं, दादा? मला मेलीला दिसत न्हाई."

आता माझी अवस्था बघा. गाभाऱ्यात तिसरा माणूस नाही. 'उजवी' हा तीन अक्षरांचा शब्द. तो म्हणायचा, बोटाने ती पाकळी जरा इकडं सरकवायची, की बाई गाडीत बसते, डोळा वाचतो, रत्ना सुखी, मी सुखी. आणि 'डावी' म्हटलं की संपलं. ती घरात जाऊन बसणार, तारीख जाणार, आणि पुढल्या वर्षी हीच बाई चाचपडत चुलीत हात घालणार. तत्त्वं मी काढली होती आमच्या झोपाळ्यावर बसून, चहा पिता पिता. त्या वेळी असा काही प्रसंग माझ्या डोळ्यांपुढं नव्हता. जास्तीत जास्त गेनू होता.

मग खोटं का बोललो नाही? धैर्य म्हणाल तर ते माझ्यात नाही. मला देवीची भीती वाटली, हे खरं आहे. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. तिने माझी बाही धरली होती. एका माणसाला दिसत नाही, म्हणून तो शेजारच्याला विचारतो आहे, आणि शेजारी मी आहे. तिथं खोटं बोललो असतो तर ती बाही मला उरलेल्या जन्मात सुटली नसती.

"डावी," मी म्हणालो. ते मलाच ऐकू आलं नाही.

"मोट्यानं."

"डावी पडली." आणि मग माझा धीरच सुटला. "पण तुम्ही चला हो! देवीचं मला कळत नाही, मी घाबरट माणूस आहे, मी आत्ताही घाबरलोय. पण तुमचा डोळा जाईल. तुम्ही एकट्या आहात. मला ते सहन व्हायचं नाही. मी बाकावरून हलणार नाही, शपथ, पण चला." मी रडत होतो. विनोदी माणसाने हे सांगू नये, पण रडत होतो.

ठकुबाईने बाही सोडली, काठी घेतली, दाराशी ठेवलेलं गाठोडं उचललं.

"चला मंग. गाडी जाईल."

तेवढ्यात सोनबा धापा टाकत आत आला आणि देवीकडे बघून ओरडला, "आगं ठके, कुटं निगाली? डावी हाय की! आई न्हाई म्हनती!"

"म्या इचारलं व्हतं, आई, घरीच बसू का? न्हाई म्हनली आई," ठकुबाई म्हणाली. "आता तू मदी बोलू नगंस."

मी देवळाचा खांब धरला. मी जर 'उजवी' म्हणालो असतो, तर देवीच्या नावाने ती घरीच बसली असती, आणि तिला बसवणारा मी असतो. तो खांब मला सोडवेना. सोनबाने आणि ठकुबाईने मला दोन बाजूंनी धरून गाडीत चढवलं, आणि सोनबाच्या पुतण्याने विचारलं, "पेशंट ह्येच का?"

सारोळ्याला दवाखाना हमरस्त्याच्या पलीकडे होता आणि आम्ही अलीकडे उतरलो. सहा पदरी रस्ता. नीरेच्या पुलाकडून ट्रक येत होते ते थांबायच्या बेताने येत नव्हते. मी एक पाऊल टाकायचो आणि दोन मागं यायचो. असं बराच वेळ झाल्यावर जिला अर्धवट दिसतं त्या बाईने माझं मनगट पकडलं, काठी आडवी उगारली आणि चालायला लागली. ट्रक थांबले. एका ड्रायव्हरने तिला हात जोडले. मला जे म्हटलं ते इथं लिहिता येण्यासारखं नाही.

दवाखान्यात नवीन अडचण. संमतिपत्रावर जवळच्या नातेवाइकाची सही हवी होती. "नातं?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"सोबत," मी म्हणालो.

"असं नातं नसतं."

"दुसरं काही मला सांगता येत नाही."

"अहो काका, मुलगा लिहा, जावई लिहा, काहीतरी लिहा. मागं रांग आहे." रत्नाचा फोन लागत नव्हता; भर दुपारी भाकऱ्यांची गर्दी. रांगेतले लोक मला नाती सुचवायला लागले. एकाने तर 'मालक लिवा' म्हणून सांगितलं. मी घामाघूम झालो. खोटं लिहिता येत नाही आणि खरं चालत नाही, अशा जागी मी नेहमी बेशुद्ध होतो. डोळ्यांपुढं काजवे दिसायलाही लागले होते.

"थांबा जरा," ठकुबाई म्हणाली. तिने पदराचा काठ दाताने तोडून एक दोरा काढला, चाचपून माझं मनगट शोधलं आणि त्याच्यावर गाठ मारली. "झाला भाऊ. आता लिवा, खोटं न्हाई त्ये. आन मला आक्का म्हना, त्ये आजी-बिजी बंद."

 मग खिडकीतल्या बाईंनी स्वतःच 'मानलेला भाऊ' असं लिहिलं आणि मी सही केली. ती सही माझ्या बँकेतल्या सहीशी जुळणार नाही, इतकी थरथरलेली आहे.

तिला आत नेलं. दाराशी तिने माझा हात असा दाबला, की बोटं मोजून घ्यावीशी वाटली. मग दार लागलं. मी बाकावर बसलो. आतून कसलेतरी टकटक आवाज येत होते, दारावर लाल दिवा होता, औषधाचा वास होता. मला चक्कर येण्याला लागणारं सगळं साहित्य तिथं होतं. पण चक्कर आली नाही. सांभाळायला निदान एक माणूस शेजारी असल्याशिवाय ती येत नसावी, आणि बाकावर मी एकटाच होतो. मी दोरा बोटाने फिरवत बसलो. आयुष्यात कधी इतका घाबरलो नव्हतो आणि तरीही इतका वेळ जागचा न हलता कधी बसलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा रत्नाही आली होती. ठकुबाईने आधी नातीकडे बघितलं. बघतच राहिली. तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "किती वाळलीस गं." मग तिची नजर माझ्याकडे वळली. वरपासून खालपर्यंत गेली आणि परत वर आली.

"आगं बया," ती रत्नाला म्हणाली, "येवडासाच हाय व्हय त्यो?"

यानंतर धंदा चालला. बरा चालला. पण त्याच सुमारास माझा गाल सुजून पुढं आला, आणि बोळातून वळसा घालायचे दिवस संपले. सौदामिनीला शाळेत परीक्षा होती. ती मला हसऱ्या दाताच्या पाटीखाली सोडून गेली आणि जाताना म्हणाली, "पळू नका. कुंडलिकराव समोरच्या टपरीवर बसलेत."

मी बाकावर एकटा बसलो. आतून मशीनची घरघर येत होती. तालुक्यातली बाकं बसून काढलेला माणूस मी, पण आता शेजारची जागा रिकामी होती, आणि ती बघून मला रडायला येत होतं. तेवढ्यात दार ढकललं गेलं. काळा चष्मा, हातात काठी, कमरेला पिशवी.

"रत्नीला तुमच्या मालकिनीनं फोन केलता," ठकुबाई शेजारी टेकत म्हणाली. "सरका."

मी सरकलो. ती काठी मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. त्या बाकावर काय करायचं असतं, ते तिला बरोबर ठाऊक होतं. मग मी सुजलेल्या तोंडाने, गेले कित्येक दिवस डोक्यात घोळत होतं ते विचारलं. "आक्का, त्या दिवशी देवळात मी उजवी म्हणालो असतो तर?"

"डावी पडली त्ये म्या बगितलं व्हतं की."

"दिसत नाही म्हणालात!"

"उजव्यानं न्हवतं दिसत. डाव्यानं पांडरं काय पडलं आन कुनीकडं पडलं, तेवडं दिसतंय. आई काय म्हनली त्ये मला कळलं व्हतं. तुमी काय म्हनताय त्ये बगायचं व्हतं."

 माझी दाढसुद्धा क्षणभर ठणकायची थांबली. "आणि मी खोटं बोललो असतो तर?"

"तर काय? आईनं सांगितलं व्हतं, म्या गेले असते. पर येकली. तुमाला तितंच देवळात बसवून."

आतून माझं नाव पुकारलं. मी उठलो.  खुर्ची दिसली, तिच्यावरचा दिवा दिसला, ट्रेमधली ती वाकडी हत्यारं दिसली. मी मागं वळलो.

"आक्का, दुखेल का हो?"

तिने चष्मा काढला आणि नव्या डोळ्याने माझ्याकडे नीट बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "लई दुखंल."

आणि माझं मनगट धरून, काठी आडवी घेऊन, ती माझ्या पुढं आत शिरली.